कोतराकाठची पायवाट पुन्हा बांधताना

बडोद्यात समा भागात आमची ८४ घरांची सोसायटी आहे. मागच्या अंगाला एक कोतर, म्हणजे पाण्याने कोरलेली घळ, आहे; ते पुढे विश्वामित्री नदीला मिळतं. त्याच्या काठाने, आमच्याच कॉमन प्लॉटमध्ये, दीडेकशे मीटरची चालायची वाट होती. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तिचा साठ मीटरचा तुकडा गेला आणि तो नव्या पायावर उभा राहायला जानेवारी २०२६ उजाडला. या सगळ्या काळात सेक्रेटरी मी होते, त्यामुळे अर्ज, कोटेशनं, बिलं, भांडणं सगळं माझ्या टेबलावरून गेलं. काम संपल्याचं कळल्यापासून कोतराला किंवा कांसाला (पावसाळी नाल्याला) लागून असलेल्या इतर सोसायट्यांचे फोन येतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. म्हणून क्रमाने लिहून ठेवते आहे.

त्या पुराबद्दल बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. २६ ऑगस्टपासून कोसळलेला पाऊस, वरून आजवा तलावाचं पाणी, आणि काळाघोड्याच्या पुलाशी धोक्याची पातळी २६ फूट असताना नदी ३७ फुटांपर्यंत गेलेली. २०१९ च्या जुलैअखेरीस एका दिवसात वीसेक इंच पाऊस झाला होता तेव्हाही वाटेवर पाणी होतं, पण २०२४ मध्ये ते तळमजल्याच्या खिडक्यांना लागलं. गंमत अशी की पाणी चढलेलं असताना वाट जागेवर होती. वरच्या मजल्यावरून काढलेल्या फोटोंमध्ये पेव्हर ब्लॉक पाण्याखाली दिसतात, कठडा वाकलेला दिसतो, पण काठ शाबूत आहे. पाणी उतरलं त्या रात्री काठाची पाचर सुटली आणि ब्लॉक, खालची रेती, दोन बाकं आणि एक दिव्याचा खांब कोतरात जाऊन बसले.

ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. सप्टेंबर गाळ उपसण्यात, मीटर सुकवण्यात आणि विम्याच्या फॉर्ममध्ये गेला. वाटेला दोन्ही टोकांना दोर बांधून ठेवला.

नवरात्र आणि दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी खास साधारण सभा बोलावली. पेव्हरवाल्याचं कोटेशन हातात होतं: भराव टाकून, रोलर फिरवून, ब्लॉक परत बसवायचे, २ लाख १० हजार. बहुतेकांना ते पटलेलं होतं. विरोध केला तो आमच्या चेअरमन काकांनी. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. त्यांनी जुन्या फायली काढून आणल्या होत्या. २०१९ नंतर हाच तुकडा एकदा पूर्ण आणि एकदा अर्धा असा बसवून झाला होता. "आपण वाट बांधत नाही आहोत, दर दोन-तीन वर्षांनी कोतराला ब्लॉक वाहतो आहोत," असं ते म्हणाले आणि सभा हसली. दुसरी सूचना आली की वाट पुराच्या वर उचलून घ्या. कोणीतरी फोटोवरून अंदाज काढला. वाट पहिल्या मजल्याच्या सज्जाजवळ न्यावी लागली असती. तो विषय तिथेच संपला. शेवटी एवढंच ठरलं की आधी माती तपासून घ्यायची आणि एका स्ट्रक्चरल इंजिनियरचा सल्ला घ्यायचा. त्यासाठी सव्वा लाखापर्यंत खर्चाला मंजुरी मिळाली.

इथे एक सांगते. ठरावात 'दुरुस्ती' असा शब्द होता. पुढे कागदपत्रं करताना इंजिनियरांनी तो बदलून 'जुन्या वाटेच्या जागी नवीन पायावर पुनर्बांधणी' असा करायला लावला, कारण ड्रॉइंगमध्ये एक आणि ठरावात दुसरंच असलं की फाइल परत येते. सभा पुन्हा बोलवावी लागू नये म्हणून सुरुवातीलाच ठरावाचा मसुदा इंजिनियरला दाखवून घ्या.

डिसेंबरमध्ये माती तपासणारे आले. दोन ठिकाणी सहा-सहा मीटर बोअर घेतलं. वरचा दीड मीटर भराव निघाला. त्यात विटांचे तुकडे, प्लास्टिक, कुणाचीतरी जुनी चप्पल. त्याखाली काळी चिकण माती, आणि साडेतीन मीटरनंतर पिवळट, घट्ट गाळाची माती. लॅबमध्ये मी मुद्दाम गेले होते, कारण चाळीस हजारांचं बिल कशाचं येतं ते बघायचं होतं. तिथे बाकीची यंत्रं मला फारशी कळली नाहीत, पण एक चाचणी मी डोळ्यांनी पाहिली. काचेच्या दोन उभ्या नळ्या. दोन्हींत आमच्या कोतराची वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती. एकीत पाणी, दुसरीत केरोसीन. चोवीस तास तशाच ठेवायच्या. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी केरोसीनच्या नळीत माती ११ च्या खुणेवर होती, पाण्याच्या नळीत १८ वर. म्हणजे ६४ टक्के फुगवटा. ५० च्या वर गेली की ती माती जास्त फुगणाऱ्यांत धरतात, असं तिथल्या मुलीने सांगितलं. पावसात अशी फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर आम्ही इतकी वर्षं रेती पसरून ब्लॉक लावत होतो.

रिपोर्ट जानेवारीत आला. इंजिनियर साहेब तो घेऊन घरी आले आणि चहा घेता घेता त्यांनी कागदाच्या मागे कोतराचा छेद काढला. पाणी चढलेलं असतं तेव्हा ते काठाला बाहेरून टेकू देतं. दोन दिवसांत माती आतपर्यंत भिजते, जड होते. मग नदी उतरते, कोतर तासा-दोन तासांत रिकामं होतं, बाहेरचा टेकू जातो, पण मातीतलं पाणी काही तेवढ्या घाईने बाहेर पडत नाही. ओली, जड माती उभ्या काठावर लटकलेली राहते आणि घसरते. म्हणून पूर ओसरल्यावर पहिले दोन दिवस काठावर जायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. मला तेव्हा काठ सुटला त्या रात्रीचा आवाज आठवला.

त्यांच्या सांगण्याचं सार असं होतं की पाणी अडवायच्या भानगडीत पडू नका. पाणी येईल, वाटेवरून जाईल, जाऊ दे. वाट बुडायला हरकत नाही, तिचा पाया त्या हलणाऱ्या मातीच्या खाली, न हलणाऱ्या मातीत असला पाहिजे. आणि वाट काठापासून आत घ्या.

पाया सुचवला तो अंडर-रीम्ड पाइलचा. काळ्या मातीत घर बांधलेल्यांना हे नाव माहीत असेल. रुडकीच्या सीबीआरआय या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने आपल्याकडच्या फुगणाऱ्या मातीसाठी विकसित केलेली पद्धत आहे. बारीक, खोल भोक घ्यायचं आणि तळाशी ते रुंद करून कांद्यासारखा फुगवटा द्यायचा. त्यात सळई आणि काँक्रीट. वरची माती फुगून पाइलला वर ओढायला लागली तरी तळाचा फुगवटा घट्ट मातीत अडकून बसतो. साधारणपणे साडेतीन मीटर खोली पुरते, पण आमच्याकडे काठ खरवडला जायची भीती, म्हणून कोतराच्या बाजूची रांग पाच मीटर आणि आतली साडेतीन. दर तीन मीटरला पाइलची एक जोडी, वर काँक्रीटची आडवी तुळई, तीही जमिनीला न टेकता, म्हणजे फुगणारी माती तिला खालून ढकलणार नाही. त्यावर गॅल्व्हनाइज्ड लोखंडी चॅनेल आणि चालायला एफआरपीची (फायबर मिसळलेल्या प्लास्टिकची) जाळी. जाळी अशासाठी की पाणी खालून वर आलं तर उचलून धरायला सपाट पृष्ठभागच नको.

आता भांडणाकडे येते. वाट तीन मीटर आत घ्यायची म्हणजे ती कोपऱ्यावरच्या दोन बंगल्यांच्या मागच्या खिडक्यांजवळून जाणार. एका घराने लेखी हरकत घेतली. सकाळी साडेपाचला लोक खिडकीखालून बोलत जाणार, हे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. कमिटीतल्या काहींचा सूर "बहुमत आमचं आहे" असा होता. मला ते आवडलं नाही. अशी माणसं मग प्रत्येक बिलावर सही करायला नकार देतात, आणि त्यांना घरात बसून रोज तेच बघायचं असतं. तीन आठवडे येणं-जाणं झाल्यावर तोडगा निघाला. त्या टप्प्यात वाट दीड मीटरच आत घ्यायची, तेवढ्या भागात आतली रांगही पाच मीटर खोल करायची, आणि खिडकी-वाटेच्या मध्ये मेंदीचं कुंपण सोसायटीच्या खर्चाने. काही पाइल दीड-दीड मीटर जास्त खोदून शांतता मिळत असेल तर ती स्वस्तच म्हणायची.

मग कागद. पहिलाच प्रश्न असा निघाला की काठाची जमीन आमची कुठपर्यंत. रजाचिठ्ठीच्या, म्हणजे बांधकाम परवानगीच्या, नकाशात कॉमन प्लॉटची हद्द स्पष्ट होती, पण जमिनीवर हद्दीचा दगड दिसेना. तो सापडला कोतराच्या उतारावर, आडवा पडलेला. काठच मागे सरकला होता. डीआयएलआरकडे, म्हणजे जिल्ह्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे, मोजणीचा अर्ज केला. मोजणीला दोन-अडीच महिने लागतात असं गृहीत धरा, आणि मोजणीच्या दिवशी शेजारच्या प्लॉटवाल्यांना नोटीस मिळालेली आहे का ते आधी विचारून घ्या, नाहीतर माणसं येतात आणि परत जातात. मोजणीत कळलं की नकाशावरची आमची काही जमीन आता कोतराचा उतार आहे. तिथे काहीही बांधायचं नाही असं इंजिनियरांनी आपणहूनच ड्रॉइंगवर लिहिलं, आणि त्या एका ओळीमुळे पुढचे बरेच प्रश्न कमी झाले.

महानगरपालिकेकडे ना-हरकतीचा अर्ज वॉर्ड ऑफिसमधून गेला. सोबत काय काय जोडलं ते सांगते: सभेचा ठराव आणि हजेरीपट, रजाचिठ्ठी आणि मंजूर ले-आउटची प्रत, मोजणीची शीट, टीपीचा (नगररचना योजनेचा) पार्ट प्लॅन, इंजिनियरचं ड्रॉइंग आणि त्यांच्या लायसन्सची प्रत, मातीचा रिपोर्ट, पुराच्या आधीचे आणि नंतरचे फोटो. अर्ज गुजरातीत लिहा. आमच्यापैकी अनेकांची शाळा मराठी, पण ऑफिसात गुजराती अर्ज एका वाचनात समजतो. दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढे प्रत्येक वेळी सगळ्यात आधी तोच नंबर विचारतात. ड्रॉइंगवर एक वाक्य ठळक टाकलं होतं: 'पाण्याच्या वाहत्या मार्गात कोणतंही बांधकाम नाही, भराव नाही, वाट पाण्याखाली जाऊ शकेल अशी खुली आहे.' पावसाळी पाण्याच्या शाखेला नेमकं हेच बघायचं होतं. त्याच सुमारास शहरात विश्वामित्री खोल आणि रुंद करायचं मोठं काम सुरू झालं होतं, त्यामुळे संबंधित साहेब बहुतेक साइटवर असायचे. मला एक दिवस संध्याकाळी सहाला भेट मिळाली आणि दहा मिनिटांत शंका मिटल्या.

पत्र एप्रिलच्या मध्याला हातात आलं. मला वाटलं, आता पावसाळ्याआधी होऊन जाईल.

त्याआधीच मार्चमध्ये मगर दिसायला लागली होती. विश्वामित्रीत मगरी चारशेच्या वर आहेत आणि त्या कोतरांमधून वर येतात हे आम्हाला नवं नाही. पण ही रोज एकाच जागी, आमच्या पडलेल्या तुकड्याच्या समोरच्या उतारावर, दुपारी जबडा उघडा टाकून पडलेली असायची. वन खात्याला अर्ज दिला. दोन कर्मचारी आले, दुर्बिणीतून पाहिलं, उतारावरचं बीळ आणि उकरलेली माती दाखवली. फेब्रुवारी ते एप्रिल अंडी घालायचा काळ, पिल्लं बाहेर यायला जून उजाडतो, आणि मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. घरट्याजवळ खोदकाम, यंत्राची धडधड, रात्रीचे दिवे काहीही नको, असं त्यांनी सांगितलं. जूननंतर पाऊस. म्हणजे काम सरळ दिवाळीनंतर. कमिटीत कुणीतरी म्हणालं, मगरीला कुठे ठराव दाखवायचा. मला मात्र तेव्हा चिडचिड झाली होती हे खरं. कोतराकाठी काम असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी एवढाच काळ तुमचा आहे असं धरून उलटं मोजा. मोजणी आणि परवानग्या आदल्या पावसाळ्यातच सुरू करा.

हा पावसाळा मात्र फुकट गेला नाही. इंजिनियरांनी सांगितल्यावरून काठापासून एक, दोन आणि तीन मीटरवर, दर पाच मीटरला, सळईचे तुकडे ठोकून त्यांना लाल रंग दिला. खर्च म्हणाल तर रंगाचा डबा. शेजारच्या बारावीतल्या मुलाने दोऱ्याने त्यांची अंतरं मोजून वहीत लिहायचं काम घेतलं. कोतर दोनदा चांगलं भरलं. दोन्ही वेळा पाणी असताना खुंटे सरळ होते. पाणी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेतले चार खुंटे कोतराकडे कलले आणि त्यांच्या मागे बोटभर रुंद भेग पडली. तिसरी रांग जागची हलली नाही. वाट तीन मीटर आत का, असं विचारणाऱ्यांना मी ती वही दाखवायचे. वाद लगेच मिटायचा.

पहिल्या पावसानंतर उतारावर वाळा लावला, खाली काथ्याची जाळी अंथरून. रोपं, जाळी, मजुरी मिळून ५५ हजार. पहिल्या महिन्यात तो मेल्यासारखा दिसतो, उपटू नका.

दिवाळीत दाहोदकडचे मजूर गावी जातात, ते देवदिवाळीनंतर परतले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काम सुरू झालं. तिन्ही कोटेशनांतलं मधलं आम्ही घेतलं होतं, कारण त्या मिस्त्रीकडे बल्ब (पाइलच्या तळाचा फुगवटा) कापायचं अवजार स्वतःचं होतं आणि त्याने आधी केलेली दोन कामं दाखवली. सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याला मी विचारलं, बल्ब कसा करणार, तर म्हणाला, "बेन, ते होऊन जाईल." तिथेच कळलं.

यंत्र आणलं नाही. तिपाई, तिच्यावरून दोर, आणि चार माणसं गोल फिरून फिरवतात तो ऑगर, म्हणजे माती कोरायचा गिरमिट. पाच मीटर भोक व्हायला अर्धा दिवस. मग ऑगर काढून अंडर-रीमर आत सोडतात. दांडा खाली दाबत फिरवला की त्याची पाती उघडतात, बाजूची माती कापून खालच्या बादलीत पडते. बादली भरली की वर ओढा, रिकामी करा, परत सोडा. दांड्यावर पांढऱ्या रंगाची खूण असते. ती खूण भोकाच्या तोंडावरच्या लोखंडी चौकटीपर्यंत खाली आली म्हणजे पाती पूर्ण उघडली, बल्ब पुरा झाला. आमचं भोक २५ सेंटिमीटरचं, बल्ब त्याच्या अडीचपट. ही खूण कमिटीतल्या कुणीतरी प्रत्येक पाइलला जाऊन पाहायची. जमिनीखाली गेलेलं नंतर कुणालाच दिसत नाही. आम्ही पाळी लावली होती. निवृत्त मंडळींनी ते फार आनंदाने केलं, खुर्च्या टाकून.

दुसरी अट: जे भोक सकाळी घेतलं त्यात संध्याकाळच्या आत काँक्रीट पडलंच पाहिजे. एकदा ट्रान्झिट मिक्सर आला नाही, रात्रभर भोक उघडं राहिलं आणि सकाळी तळाशी घमेलंभर माती ढासळलेली. इंजिनियरांनी ते पुन्हा साफ करून, बल्बची खूण परत तपासून मगच काँक्रीट घालू दिलं. मिस्त्री कुरकुरला. त्यानंतर छोट्या कामासाठी गाडीची वाट बघण्यापेक्षा साइटवरच मिक्सर लावला. काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे मात्र दर वेळी भरले, सात आणि अठ्ठावीस दिवसांची चाचणी बाहेरच्या लॅबमध्ये केली.

जाळी निवडताना एक गोष्ट ऐनवेळी सुचली म्हणून बरं झालं. नेहमीच्या जाळीची भोकं जवळजवळ दीड इंचाची असतात. नमुन्याचा तुकडा आणला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी काठी टेकवली आणि काठीचं रबर सरळ भोकात गेलं. लहान भोकांची, पाऊण इंचाची जाळी मिळते, वर खरखरीत थर असलेली. चौरस मीटरला सहाशे-सातशे रुपये जास्त पडले. ज्येष्ठ माणसं चालणार असतील तर यात काटकसर नको.

कठड्यावरून पुन्हा सभा घ्यावी लागेल असं वाटलं होतं. पुरात जुना कठडा वाकला तो पाण्याने नव्हे, त्याला अडकलेल्या जलपर्णीच्या आणि प्लास्टिकच्या ओझ्याने. जाळीचा कठडा तर धरणच होतो. म्हणून फक्त कोतराच्या बाजूला, दोन आडवे पाइप, आणि खांब सॉकेटमध्ये बसवलेले. जूनमध्ये बोल्ट काढून क्लब हाउसच्या माळ्यावर ठेवायचे, ऑक्टोबरमध्ये परत लावायचे. कठडा नसेल तेवढे महिने वाट बंद. यावर काहींची नाराजी आहे, ती राहणार. वाटेच्या खाली मगर येऊन बसेल म्हणून बाजूने जाळी मारा, अशीही मागणी होती. वन खात्याच्या माणसांनी ती मोडून काढली: बाजू उघड्या असल्या तर आलेली मगर जाईल, जाळी असली तर आत अडकेल, आणि तुम्हाला टॉर्चने खाली दिसणारही नाही.

मधे उत्तरायणाचे दोन दिवस गेले. पाइपांना गुंडाळलेला मांजा काढायला आणखी एक सकाळ. जानेवारीच्या अखेरीस वाट खुली झाली.

खर्चाचा आकडा सगळेच विचारतात. पाइल ३ लाख ५० हजारांच्या जवळपास, तुळया ९० हजार, चॅनेल आणि गॅल्व्हनायझिंग २ लाख ६० हजार, जाळी ३ लाख २५ हजार, कठडा ८० हजार. वर १८ टक्के जीएसटी. माती तपासणी, इंजिनियर, वाळा वगैरे धरून एकूण पंधरा लाखांच्या आत. पाच लाख सिंकिंग फंडातून, बाकीसाठी घरटी १२ हजार, तीन हप्त्यांत. काही हप्ते अजून यायचे आहेत. पेव्हरच्या तुलनेत सातपट आहे, हे सभेत लपवलं नाही. ज्यांना वाट काठापासून पुरेशी आत नेता येईल त्यांना एवढं करायची गरजही नाही. आमच्याकडे जागाच नव्हती. कंत्राटदाराला पैसे देताना टीडीएस कापायचा असतो, त्यासाठी सोसायटीचा टॅन नंबर लागतो, तो आधी काढून ठेवा. गॅल्व्हनायझिंगचा थर मायक्रॉनच्या मीटरने मोजून घ्या, ८५ च्या आसपास हवा. आमच्या पहिल्या गाडीतले चार चॅनेल कमी भरले म्हणून परत गेले.

करारात दहा टक्के रक्कम एक पावसाळा पार पडेपर्यंत रोखून ठेवायची अट आम्ही घातली होती. जवळजवळ एक लाख दहा हजार. कोतर भरून उतरल्यावर इंजिनियर खुंट्यांची वही आणि पाइलची डोकी पाहतील, पत्र देतील, मगच ती जाईल. मिस्त्रीचा फोन पंधरा दिवसांनी येतोच. मी त्याला सांगते, भाई, ऑक्टोबर.